टोपणावरचं कुंकू

सांगोला रस्त्याला 'हुरडा पार्टी'चे फलक लागले, की येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं मात्र उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट ठणकायला लागतं. डॉक्टर म्हणतात, थंडीनं सांधे धरतात, वय झालं बाई तुमचं. असेल. चौतीस वर्षं शाळेत खडू धरलाय या हातानं. पण खडू धरायला हे बोट लागतसुद्धा नाही, आणि बरोबर संक्रांतीच्या सुमारालाच ते का ठणकावं? खरं कारण सांगायला गेलं तर डॉक्टर मलाच तपासायला दुसरीकडे पाठवतील.

आमच्या घरी एक विमान आहे. खेळण्यातलं नाही. पेट्रोलवर चालणारं, एका माणसाला घेऊन आभाळात जाणारं.

आमचे हे कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाले. नाव घ्यायचं म्हणजे उखाणा आला, म्हणून मी 'हे'च म्हणते. सगळी पंचक्रोशी त्यांना मिस्त्री म्हणते. रिटायर झालेली माणसं देवदर्शनाला जातात, नाहीतर कट्ट्यावर बसून सुनांची गाऱ्हाणी सांगतात. यांनी गोठ्यातली जुनी दावण उपटली आणि म्हणाले, "सुमन, हितं विमान बांधायचं." मी भाकरी थापत होते. म्हटलं, बांधा, पण शेणाचं काय करायचं ते आधी सांगा. मला चेष्टा वाटली. चेष्टा नव्हती, हे ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा ट्रक दारात उभा राहिला तेव्हा कळलं.

चार वर्षं लागली. नकाशे परदेशातून आले, इंजिन कुणीतरी वापरून काढलेलं मिळालं. पंखांवर कापड चढवायची वेळ आली तेव्हा यांनी माझ्या शिलाई मशीनकडे पाहिलं आणि मी यांच्याकडे पाहिलं. ज्या मशीनवर लेकीचे परकर शिवले, त्याच मशीनवर मी विमानाचे पंख शिवले. टाका वाकडा गेला की उसवायला लावायचे. लग्नात एवढं बारकाईनं मला कधी पाहिलं नव्हतं, जेवढं त्या शिवणीला पाहिलं. गावातले लोक गोठ्यात डोकावून म्हणायचे, "बाई, सोलापुरी चादर लावायची की वो, रंग तरी न्हाय जायचा!" मीही हसायचे. हसण्यावारी नेलं की भीती जरा लांब राहते.

तोवर हे दोन उन्हाळे बाहेरगावी राहून विमान चालवायला शिकून आले, लायसन काढलं. परवानगीचे कागद झाले, एक साहेब येऊन सगळं ठोकून-वाकवून बघून गेले. आमच्या शेतात एक लांबट माळ आहे, तिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही. त्यावरचे दगड आम्ही दोघांनी वेचले. तीच धावपट्टी. तिच्यावर पहिला हक्क मात्र धुळाप्पाच्या मेंढरांचा. धुळाप्पा आमचा शेजारी, पिढीजात मेंढपाळ. विमान बाहेर काढायचं म्हणजे आधी त्याला हाक मारायची. तो शीळ घालून मेंढरं एका कडेला घ्यायचा आणि काठीवर हनुवटी टेकून उभा राहायचा. म्हणायचा, "मिस्त्री, उडा की आता. माजी मेंढरं लई चरल्यात, तुमी नुसतंच पळताय."

सहा वर्षं झाली त्या हिवाळ्याला. ज्वारी माणसापेक्षा उंच वाढलेली, कणसं दुधात आलेली. पहाटेचं दव पानापानावरून टपटपायचं आणि बांधावरून चाललं तरी परकराचा घेर भिजायचा. शेजारच्या रानात आगटी पेटायची. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसलेल्या कणसांचा वास, मग ती हातावर चोळताना होणारी धावपळ, फू फू करत पाखडणं, शेंगांची चटणी, घट्ट दही. जगात याच्याइतकं सुंदर काही नाही असं मी आजही म्हणते. पण त्या वर्षीच्या हुरड्याची चव मला सांगता येणार नाही. घास तोंडात असायचा आणि कान माळाकडे.

कारण विमानाच्या चाचण्या तेव्हाच सुरू झाल्या. दहा वाजले की माळावर वारं सुटतं, त्यामुळे सगळं काम सकाळी. विमान बांधलं की उडवलं, असं नसतं, हे मला तेव्हा कळलं. तान्ह्या बाळासारखं असतं ते. आधी नुसतं हळू चालवायचं, मग पळवायचं, मग शेपटी उचलू द्यायची, मग हातभर वर उचलून लगेच खाली टेकवायचं, आणि हे सगळं नीट झालं तरच आभाळात एक फेरी. हे वहीत प्रत्येक गोष्ट लिहायचे. मला वाटायचं, लिहा, खूप लिहा, वह्या भरा, पण वर जाऊ नका.

हो, सांगूनच टाकते. विमान उडावं असं मला एकदाही वाटलं नाही. मी त्याचे पंख शिवले, त्याच्यासाठी दगड वेचले, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजला, आणि मनातून ते जमिनीवरच राहावं म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. नवरा आपला, साठी ओलांडलेला, गुडघे कुरकुरणारे, आणि निघाला नळ्या आणि कापडाच्या भरवशावर आभाळात. कुठल्या बाईला वाटेल उडावं म्हणून?

पण पूजा मी चुकवली नाही. नवीन मोटारसायकल घेतली तरी आपण तिला हळद-कुंकू लावतो, हे तर विमान. चाचणीच्या सकाळी ताट घेऊन जायचे. हळद-कुंकू पाण्यात कालवून करंगळीशेजारच्या बोटानं लावायचं. नाकाला, दोन्ही चाकांना आणि सीटमागच्या टाकीच्या टोपणाला. टोपणाला का, तर पेट्रोल त्याचं अन्न. आपण चुलीला लावत नाही का? चाकाखाली लिंबू, नाकावर फूल. हात जोडायचे आणि मनात म्हणायचं, देवा, यांना जमिनीवर ठेव.

देवानं ऐकलं की हो! पहिल्याच दिवशी विमान माळावर पळायला लागलं आणि सातव्या-आठव्या मिनिटाला इंजिन खोकलं, दोनदा दम घेतला आणि गप्प झालं. यांनी टोपण काढून आत पाहिलं, तर पेट्रोल काठोकाठ. विमान ढकलत गोठ्याशी आणलं. दुपारी यांचे मित्र सलीमभाई सोलापूरहून आले. जुन्या गाड्यांची इंजिनं नुसती ऐकून दुरुस्त करणारा माणूस. दोघांनी शेपटीला दावं बांधून विमान लिंबाला अडकवलं, टोपण काढून फांदीला टांगलं आणि टाकीत काडी बुडवून पेट्रोल किती जळतंय ते मोजत बसले. पाऊण तास इंजिन सुरळीत चाललं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

चार दिवसांनी परत सकाळी पूजा, परत आठ मिनिटं, परत गप्प. दुपारी टोपण फांदीला, आणि इंजिन शहाण्यासारखं चालू. प्लग बदलले. नळी बदलली. गाळणी बदलली. कार्बुरेटर सलीमभाई सोलापूरला घेऊन गेले आणि धुऊन-पुसून घेऊन आले. मला म्हणाले, "भाभी, इसकू नजर लगी. फजर में रुसता, दोपहर में हसता. मैं क्या करूं?" मला तेवढंच हवं होतं. लिंबाबरोबर मिरच्या आल्या, बिब्बा आला, आणि कुंकवाचं बोट अधिकच भरून फिरायला लागलं. जितकं इंजिन बंद पडे, तितकं मी कुंकू जास्त लावी.

आता यात एक गंमत होती, ती आम्हाला कुणालाच दिसली नाही. आमचे हे विमानावर माशी बसू द्यायचे नाहीत. ऑइलचा थेंब दिसला की पूस, धूळ दिसली की पूस. खांद्यावर फडकं कायम. पण माझ्या कुंकवाच्या बाजूनं फडकं वळसा घालून जायचं. सलीमभाईंचंही तेच. टोपण उचलतानाही ते कडेला धरायचे, मधल्या कुंकवाला हात लागू नये म्हणून. कुंकू पुसायचं कुणी? आमच्याकडे तो शब्दसुद्धा तोंडातून काढत नाहीत. काढला तर घरातली म्हातारी माणसं तोंडावर हात ठेवतात.

मग ती तिसरी सकाळ. त्या दिवशी थोडं वर उचलून लगेच टेकवायचं ठरलं होतं. विमान पळालं, मेंढरांनी माना वर केल्या, आणि चाकं जमिनीवरून सुटली. घराच्या पत्र्याएवढं वर गेलं असेल. मी ताट हातात घेऊन उभी. आणि इंजिन खोकलं. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. मग काहीच आवाज नाही. विमान माळ संपवून पलीकडे आमच्याच ज्वारीत घुसलं. ओळीच्या ओळी आडव्या झाल्या आणि धुरळा उडाला. माझ्या हातातलं ताट कुठं पडलं, मला आजही आठवत नाही. मी पळत होते एवढं आठवतं. धुळाप्पा माझ्या पुढं पळत होता, काठी टाकून.

हे ज्वारीत बसलेले, हनुवटीतून रक्त गळतंय, आणि मला बघून म्हणाले, "कणसं मोडली की गं." अरे माणसा! मी तिथंच खाली बसले आणि रडायलाच लागले. धुळाप्पा म्हणाला, "वैनी, रडू नगा, मिस्त्री जित्ता हाय. ज्वारीनं झेललं त्यास्नी." सांगोल्याला नेऊन हनुवटीला दोन टाके घातले. विमानाचा चाकाचा पाय वाकला होता, तेवढंच. घरी आल्यावर मी म्हटलं, झालं आता, पुरे झालं. यांनी खरकटं पान बाजूला सरकवून वही उघडली आणि लिहायला लागले. मला एवढा राग आला, की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे.

पंधरा दिवसांत पाय सरळ झाला. सलीमभाईंनी इंजिन पुन्हा खोललं, पुन्हा बांधलं, दुपारी तासभर चालवलं. एकदा त्यांनी विचारलं होतं, टोपणाचं भोक मोकळं आहे ना? हे म्हणाले, "मीच पाडलंय की ते, माझ्या हातानं." विषय संपला. दोघांचं ठरलं, उद्या सकाळी परत.

त्या दुपारी मी शेंगतेलाचा नवा डबा फोडला. दुसऱ्या दिवशी काहीतरी गोड-तिखट करावं म्हणून. खिळा ठेवून बत्त्यानं एक भोक पाडलं आणि डबा कलता केला. तेल आलं, ग्लग ग्लग केलं आणि थांबलं. थांबणारच. डब्याला दुसरं भोक पाडावं लागतं, हवा आत गेली तरच तेल बाहेर येतं. हे आईनं मला परकर-पोलक्यात शिकवलंय. दुसऱ्या कोपऱ्यात खिळा ठेवला, बत्ता उचलला आणि हात तसाच राहिला.

सकाळी बंद, दुपारी चालू. दुपारी टोपण फांदीला.

मी गोठ्यात गेले. दोघं विहिरीवर हात-पाय धुवायला गेले होते. टोपणाच्या मधोमध माझं कुंकू होतं, तीन सकाळींचे थर एकावर एक, वाळून खापरीसारखे कडक. भोक कुठं दिसतच नव्हतं. मंगळसूत्राला अडकवलेली सुई काढली आणि खरवडलं. सुईच्या टोकाएवढं भोक, हळदी-कुंकवानं गच्च बुजलेलं. माझ्या बोटानं. मी देवाला म्हणत होते, यांना जमिनीवर ठेव, आणि देवानं माझंच बोट वापरलं होतं. आणि त्याच बोटानं यांना ज्वारीत पाडलं होतं.

 एक वाईट विचार मनात आला, तोही लिहिते. कुणाला काही सांगायचं नाही. उद्या विमान काढायच्या आधीच दहा मिनिटं इंजिन चालवत ठेवायला लावायचं, ते जमिनीवरच बंद पडेल. चार वेळा असं झालं की कंटाळतील, थकतील, सोडून देतील. माणूस घरात राहील, दारात बसेल, कुरकुर करेल, पण राहील. कुंकू परत लावायला काय लागतं? एक बोट.

पण इंजिन आठव्या मिनिटालाच बंद पडतं, आणि ते आठवं मिनिट कुठं येईल, जमिनीवर का आभाळात, ते माझ्या हातात नव्हतं. मी पदर ओला केला आणि टोपणावरचं कुंकू पुसलं. सगळं पुसलं, कणसुद्धा ठेवला नाही.  सवाष्ण बाई, भर दुपारी, नवऱ्याच्या विमानाचं कुंकू पुसतेय. कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं!

दोघं परत आले. मी सांगितलं. यांनी टोपण हातात घेतलं, उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, "तपासून बघू. इंजिन चालू करतो, तू भोकावर बोट धर."

शेपटी दाव्यानं लिंबाला बांधलेली. इंजिनचा आवाज कानात मावेना, पंख्याच्या वाऱ्यानं पदर डोक्यावर राहीना. मी सीटमागं उभी राहून तेच बोट टाकीवर परत बसवलेल्या टोपणाच्या भोकावर ठेवलं. तीन-चार मिनिटांनी टाकी माझं बोट ओढायला लागली. अगदी हळू, वासरू चाटून चाटून बोट तोंडात घेतं तसं. मग ओढ वाढली. आठवं मिनिट आलं आणि इंजिन खोकलं. यांनी मागं हात करून खूण केली, उचल.

मी बोट उचललं नाही.

मला उचलता आलं असतं. नाही उचललं. इंजिन दोनदा दम घेऊन गप्प झालं. लिंबावरच्या साळुंक्या परत बोलायला लागल्या. सलीमभाई उगाचच पाना शोधायला आत गेले. हे सीटवरून माझ्याकडे वळले. हनुवटीवर टाक्यांची खूण, डोळ्यांखाली थकवा. मी म्हटलं, "अहो, मी विमान उडावं म्हणून हात जोडतच नव्हते. तुम्ही खाली राहावं म्हणून जोडत होते."

"ठाऊक हाय मला," हे म्हणाले. "तुज्या तोंडावर दिसायचं की." मग जरा थांबून म्हणाले, "सुमन, तू न्हाय म्हणालीस तर मी न्हाय जायचो. पर तूच सांग. इंजिनाच्या माथ्यावर खापर फोडू नगं."

एवढी वर्षं संसार केला, पण असं सरळ मला कुणी कधी विचारलं नव्हतं. लग्न ठरवतानाही नाही. मी बोट परत भोकावर ठेवलं आणि मान हलवली, चालू करा. पुन्हा आठ मिनिटं. पुन्हा ती ओढ. इंजिन खोकलं, आणि या वेळी मी बोट उचललं. सुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन असं मोकळं झालं, की सलीमभाई आतून ओरडत आले, "वाह भाभी! हमारी पूरी गॅरेज एक तरफ, और तुमारा तेल का डब्बा एक तरफ!"

दुसऱ्या सकाळी हे उडाले. मी मिनिटं मोजली. आठवं मिनिट आलं तेव्हा विमान ज्वारीच्या वर होतं, डाळिंबाच्या बागांकडे वळत होतं आणि ते मिनिट निघून गेलं. नववं आलं. दहावं आलं. धुळाप्पा म्हणाला, "वैनी, श्वास सोडा की." त्या दिवशीचा हुरडा मात्र मी पोटभर खाल्ला. मोडलेल्या धाटांचीच कणसं होती ती, वाळत चालली होती, तरी गोड लागली.

आता दर हिवाळ्यात चार-सहा वेळा हे वर जातात. पूजा अजून होते, पण कुंकू नाकाला, चाकांना आणि यांच्या कपाळाला. टोपण कोरं. त्याच्याऐवजी एक वेगळाच रिवाज पडलाय. शेजारी-पाजारी बघतात आणि त्यांना वाटतं, विमानाला असं करावंच लागत असेल. इंजिन सुरू झालं, की मी मागं जाऊन भोकावर बोट ठेवते. हे थांबतात. मागं वळून बघत नाहीत, खूण करत नाहीत, 'उचल' म्हणत नाहीत. मी उचलेपर्यंत विमान जागचं हलत नाही.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी यांच्या लायसनच्या कागदावर सही केली, पण म्हणाले, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. घरी येताना रस्त्याला हुरड्याचे फलक लागलेले होते, आगटीचा धूर ज्वारीवर आडवा पसरला होता. आज सकाळी धुळाप्पानं शीळ घातली आणि मेंढरं कडेला गेली. मी ताट खाली ठेवलं, इंजिन सुरू झाल्यावर टोपणावर बोट ठेवलं, आणि ती ओळखीची ओढ बोटाला लागली. गार सकाळ होती, बोट ठणकत होतं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ धरून ठेवलं मी.

मग उचललं.